माझ्या स्टुलाच्या जागी

सबवूफर आला तेव्हा तो आत आणायला मी हात लावला नाही. खोकं भलंमोठं, अठ्ठावीस किलोचं. त्याच्या एका टोकाला माझे सत्तरीचे सासरे, दुसऱ्या टोकाला माझी नणंद आणि मी दार धरून उभी. स्टुडिओचं दार धरावं लागत नाही, ते एकदा उघडलं की उघडंच राहतं. पण मला काहीतरी घट्ट धरून उभं राहायचं होतं.

"वहिनी, जरा बाजूला हो गं," नणंद म्हणाली.

बाजूला हो. माझ्याच स्टुडिओत. बरं, माझा म्हणजे कागदोपत्री सासऱ्यांचा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला गाण्यातलं कळत होतं, यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझा नवरा दातांचा डॉक्टर, त्याला दोन्हींतलं कळत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. मला शिकवलं ते सासऱ्यांनी. त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे, भिंतीपासून हातभर अंतरावर, एका लाकडी स्टुलावर बसून मी सात वर्षं ऐकलं. मग त्यांचा कान उतरायला लागला, वरचे बारीक स्वर त्यांना ऐकू येईनासे झाले, आणि एके दिवशी ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यालाही आता चार वर्षं झाली. तरी एखाद्या गाण्याची खात्री करायची झाली की मी खुर्चीतून उठते, स्टुलावर जाऊन बसते आणि तिथून ऐकते. का, ते मला सांगता आलं नसतं. तिथून खरं कळायचं, एवढंच.

आणि तीन आठवड्यांपूर्वी बारकी परत आली. बारकी म्हणजे ही नणंद. उंचीने माझ्यापेक्षा वीतभर जास्त आहे, पण घरात अजून बारकीच. सात वर्षं ती परगावी एका मोठ्या स्टुडिओत होती. तो बंद पडला, तशी ही दोन बॅगा आणि एक हेडफोन घेऊन दारात उभी राहिली. सासऱ्यांचा चेहरा असा फुलला की मी आत जाऊन उगाचच भांडी आवरायला लागले.

त्या दिवसापासून मी तिला पाण्यात पाहायला लागले. खोटं कशाला बोलू? ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती सकाळी उठून सगळ्यांचा चहा करायची. माझ्या केबलींचा गुंता तिने न सांगता सोडवून ठेवला. आणि जेवताना सासरे तिला विचारायचे, "तिकडे तुम्ही हे कसं करायचात गं?" तिकडे. आमच्याकडे कसं करतात हे तर त्यांनीच मला शिकवलेलं, मग ते एकदम जुनं झालं?

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, हा तिच्याच डोक्यातला. आमचे स्पीकर खालचे, घुमणारे स्वर नीट दाखवत नाहीत, हे तिने आल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते खरंच होतं, म्हणून मला जास्त लागलं. इतकी वर्षं आम्ही बास अंदाजाने ठेवायचो आणि मग सासऱ्यांच्या जुन्या गाडीत बसून ऐकायचो. गाडीत चांगलं वाजलं की गाणं झालं. हीच आमची परीक्षा.

याच परीक्षेवर आता सगळं येऊन ठेपलं होतं. एका गायिकेचा अल्बम आमच्याकडे चालला होता. आठ महिने मी तो रेकॉर्ड केला, तिच्या सर्दीसकट, तिच्या रुसव्यांसकट. आता राहिलं होतं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवण्याचं शेवटचं काम. ते मीच करणार हे मी गृहीत धरलं होतं. सोमवारी रात्रीच्या जेवणाला सासरे म्हणाले, "पहिलं गाणं दोघी आपापलं करा. बारकी गुरुवारी, सूनबाई शुक्रवारी. शनिवारी गाडीत ऐकू. जिचं चांगलं होईल, तिच्याकडे अख्खा अल्बम."

मी "हो बाबा" म्हटलं. आणि कालवलेला भात पुन्हा कालवत बसले.

तर मंगळवारी तो सबवूफर खोक्यातून बाहेर निघाला. काळा, चौकोनी, लहान कपाटाएवढा. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात, त्यामुळे त्याला विजेची वायर वेगळी. मागच्या बाजूला दोन गोल खुंट्या आणि एक छोटं बटण.

"कोपऱ्यात ठेवा," मी म्हटलं. "पायात येणार नाही."

कोपऱ्यात ठेवला, गाणं लावलं. खोली अशी घुमली की सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! हे काय मस्त!"

मी बारकीकडे पाहिलं. ती डोकं हलवत होती. "बाबा, हा आवाज सबवूफरचा नाही, कोपऱ्याचा आहे. कोपऱ्यात ठेवलं की दोन स्वर फुगतात आणि बाकीचे दबतात. याची जागा शोधावी लागेल."

"मग शोध की," सासरे म्हणाले, अगदी कौतुकाने.

तिने सासऱ्यांच्या मदतीने सबवूफर उचलून चक्क खुर्चीवर ठेवला. माझ्या खुर्चीवर. मग केस बांधले, पँट गुडघ्यांवर सरळ केली आणि खोलीभर रांगायला लागली. ही रीत मला ऐकून माहीत होती, पाहिली कधी नव्हती. जिथे आपण बसतो तिथे सबवूफर ठेवायचा, आणि जिथे सबवूफर ठेवता येईल तिथे तिथे आपण कान न्यायचा. जिथे खालचे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतील, ती त्याची जागा. सबवूफर जमिनीवर राहणार, म्हणून कानही जमिनीलगत हवा.

पस्तिशीची बाई चार पायांवर चालली होती. मध्येच थांबायची, मान वाकडी करायची, पुन्हा पुढे. मला हसू आवरेना. "काही हरवलंय का?" मी विचारलं. ती पण हसली. मोकळं हसली, त्यामुळे माझ्या टोमण्याची मजाच गेली.

कपाटाजवळ नाही, दाराजवळ नाही, दोन स्पीकरांच्या मध्ये नाही. मग ती डावीकडे वळली आणि माझ्या स्टुलाच्या पायांशी येऊन थांबली. पुढे झाली, मागे आली, परत तिथेच. "ही," ती म्हणाली. "अख्ख्या खोलीत हीच जागा."

"तिथे तर सूनबाई बसते," सासरे म्हणाले. "तिला कुणी सांगितलं नव्हतं हं. पहिल्या दिवशी तिने आपण होऊन तिथे स्टूल नेऊन ठेवलं होतं." मग म्हणाले, "सरकवा ते."

मला त्यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं. स्टूल मीच उचललं आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं. दाणकन ठेवलं.

सबवूफर त्या जागी ठेवल्यावर बटणाचं काम. झोपाळ्याला दोघांनी झोका द्यायचा असेल तर दोघांनी एकाच वेळी ढकलावं लागतं. एकाने ढकललं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी ओढलं तर झोपाळा जागच्या जागी राहतो. स्पीकर आणि सबवूफर यांचंही तसंच. दोघं जिथे एकमेकांना भेटतात तिथले स्वर जोडीने आले तर भरून येतात, उलटे आले तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिथे पोकळी पडते. ते बटण सबवूफरला सुलटं किंवा उलटं करतं. एकाने खुर्चीत बसून ऐकायचं, दुसऱ्याने मागे बसून दाबायचं. जेव्हा आवाज जास्त भरीव, तेव्हा बरोबर.

खुर्चीत कोण बसलं असेल? मी सबवूफरमागे उकिडवी.

"दाब," ती म्हणाली. मी दाबलं. "परत." टक. "परत." टक. "हां. हे. हे राहू दे." मग उठली. "आता तू बस, मी दाबते. तू पण ऐकून घे."

"तू ऐकलंस ना? मग झालं तर," मी म्हटलं आणि गुडघे झटकून उभी राहिले.

आता आठवलं की वाटतं, तेव्हा नुसती दोन मिनिटं त्या खुर्चीत बसले असते तर. पण तिच्या सांगण्यावरून ऐकायला बसायचं? माझी जीभ अशा वेळी आधी चालते आणि कान मागून येतात.

बुधवारी दुपारी दोघं बाप-लेक चहाला आत गेले. मी स्टुडिओत एकटी. सबवूफर माझ्या जागेवर बसला होता, आपलं घर असल्यासारखा. मी त्याच्याजवळ गेले, वाकलेसुद्धा नाही, वरूनच मागे हात घातला आणि बटण दाबलं. टक.

बस, एवढंच. उद्या ती कामाला बसेल, तिला खालचे स्वर कमी ऐकू येतील, ती बास चढवत जाईल, आणि शनिवारी गाडीत तो बास ढोलासारखा बडवत बाहेर येईल. मग कळेल 'तिकडे' काय करायचे ते. मला लाज वाटली का? थोडी वाटली. चहाबरोबर गिळून टाकली.

गुरुवारी ती सकाळी नऊला आत गेली. मी बाहेर व्हरांड्यात माझ्या स्टुलावर, हातात मासिक, तेच पान तासभर. अकराला ती पाणी प्यायला आली.

"जमतंय का?" मी विचारलं. आवाज अगदी साखरेत घोळून.

"हो गं. सकाळी जरा खालची बाजू रिकामी वाटत होती. पण आता बसलं सगळं."

मला आतून गुदगुल्या झाल्या. चढवलाच म्हणजे बाईंनी बास! त्या दिवशी मी नवऱ्याशीही इतकी गोड बोलले की त्याने विचारलं, दात दुखतोय का.

शुक्रवार माझा. आत गेले, दार लावलं, सबवूफरच्या मागे हात घातला, बटण दाबलं, टक. झालं पूर्ववत. खुर्चीत बसले, गाणं लावलं.

आणि खालून काहीतरी नव्हतं.

गायिकेचा आवाज होता, तंतुवाद्यं होती, ढोलकीचा वरचा, कडक आवाज होता. पण बासच्या काही सुरांवर गाणं पाऊल टाकायचं आणि पायाखाली पायरीच नसायची. मी थांबले. परत लावलं. तेच. माझे कान मला स्वच्छ सांगत होते की काहीतरी चुकतंय. मी उठून नेहमीच्या सवयीने स्टुलाकडे निघाले, तर तिथे तो काळा खोका. स्टूल व्हरांड्यात.

बटण बरोबर आहे, मी स्वतःला म्हटलं. मीच आत्ता बरोबर केलंय. मग चुकतंय ते माझंच. बुधवारी पाप केलं, त्याने कान बिघडला असेल. किंवा सासऱ्यांसारखाच उतरायला लागला असेल. किंवा बारकी म्हणते तसं, इतकी वर्षं मला खालचं ऐकूच येत नव्हतं आणि आता पहिल्यांदा खरं ऐकू येतंय. असं काय काय मनात आलं. पण हात पुढे करून पुन्हा एकदा बटण दाबून पाहावं, हे काही आलं नाही. मी बास थोडा चढवला. पोकळी राहिलीच. अजून चढवला. संध्याकाळपर्यंत ती पायरी पायाला लागेपर्यंत मी चढवत गेले.

शनिवारी सकाळी गाडीत बसलो. सासरे स्टिअरिंगमागे, इंजिन बंद, काचा वर. बारकी त्यांच्या शेजारी, मी मागे. आधी तिचं लागलं.

काय सांगू? छान होतं. गायिका समोर येऊन बसली होती आणि बास तिच्यामागे जेवढ्यास तेवढा, पाठीवर हात ठेवावा इतकाच. मी वाट पाहत होते तो दणका कुठेच आला नाही.

मग माझं. पहिल्या चार सेकंदांत दाराचं प्लास्टिक खडखडायला लागलं. आरसा थरथरला. गायिका कुठेतरी लांब, त्या गडगडाटाच्या पलीकडे. पहिलं कडवं संपायच्या आत सासऱ्यांनी हात पुढे केला आणि बंद केलं. अकरा वर्षांत त्यांनी माझं गाणं मध्येच बंद केलं नव्हतं.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

बारकी मागे वळली. माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला सगळं कळलंय. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, ओळीने.

ती पुढे वळली. "बाबा, चूक माझी आहे. गुरुवारी मी ते बटण तपासायला दाबलं आणि तसंच उलटं राहिलं. वहिनी बिचारी उलट्या आवाजावर दिवसभर काम करत बसली. तिला सोमवारी परत करू दे."

झालं होतं की सगळं! तोंड मिटून बसायचं, सोमवारी नीट मिक्स करायचं, अल्बम माझा. पण त्या 'बिचारी'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानाने पुढे, हाताने पुढे, आणि आता चांगुलपणातही हीच पुढे जाणार? तेवढं मी होऊ देणार नव्हते.

"बटण मी दाबलं," मी म्हटलं. "बुधवारी तिचं बिघडवायला. आणि काल माझं सुधारायला."

सासऱ्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे मधे हिने सरळ केलं होतं," सासरे हळूच म्हणाले.

"पहिल्या दहा मिनिटांत कळलं मला," बारकी म्हणाली. "वाटलं, झाडताना धक्का लागला असेल."

"असं वाटलं नव्हतं तुला," मी म्हटलं.

"नव्हतं वाटलं," ती म्हणाली.

सासऱ्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आयुष्यभर पुरेल असं काहीतरी. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि काल दाबल्यावर तुला ऐकू आलं नाही?"

"आलं होतं."

"मग?"

"बटण बरोबर आहे असं वाटलं. म्हणून म्हटलं, कानच चुकत असेल."

त्यांनी स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. "लबाडी केलीस त्याचं मला वाईट वाटलं, पण ते जाईल," ते म्हणाले. "कानाचं ऐकलं नाहीस, ते कसं जाईल गं?" मग दार उघडलं. "अल्बम बारकी करेल."

मी गाडीत मागे एकटीच बसून रडले. थोडं पश्चात्तापाने. बरंचसं जळफळाटाने.

सोमवारी मी स्टुडिओत जाणार नव्हते. दहा वाजता गेलेच. बारकी खुर्चीत होती. सबवूफर त्याच्या जागी.

"स्टूल न्यायला आले," मी म्हटलं.

"ते तर बाहेर आहे."

"हो. माहितीये."

ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "तू नाहीस तर मला खात्री कोण देणार? पण तुझ्या जागेवर तर मी हा आणून ठेवलाय. आता कुठे बसशील?"

मला म्हणायचं होतं, तुझ्या डोक्यावर. पण मी साडीचा पदर खोचला, गुडघे टेकले आणि हात जमिनीवर ठेवले.

"लाव," मी म्हटलं.

तिने गाणं लावलं. मी रांगायला लागले. दाराजवळ घुमत होतं. कपाटाजवळ पोकळ. मागच्या भिंतीशी नुसता गढूळ आवाज. सासरे कप घेऊन दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्या चपला मला दिसत होत्या. कुणी हसलं नाही. खरं तर हसले असते तर बरं वाटलं असतं. मी खुर्चीच्या मागून उजवीकडे गेले आणि तिथे, तिच्या पाठीपासून दीड हातावर, सगळे स्वर एकदम सारखे झाले. मी तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. डोळे मिटले. दुसरं कडवं आलं.

पहिला विचार आला, गप्प बस. तिने केलंय, बरोबरच असणार.

"दुसऱ्या कडव्यात बास किंचित जास्त आहे," मी म्हटलं.

तिने गाणं मागे नेलं. ऐकलं. पुन्हा मागे नेलं. तिची पाठ माझ्याकडे होती, पण मान जराशी वाकडी झालेली मला दिसली. मग तिचा हात पुढे गेला आणि बासची सरकती कळ केसभर खाली आली.

"हो," ती म्हणाली. "होता."

मला जो आनंद झाला तो काही चांगल्या मनाच्या बाईचा नव्हता. दारातल्या चपला अजून तिथेच होत्या. मी उठले आणि व्हरांड्यातून माझं स्टूल आत घेऊन आले.